न तपासलेली तक्रार

सभागृहातल्या मतदानाची घंटा झाली, तसे समितीचे सदस्य एकेक करून उठून गेले. साक्षीदाराच्या टेबलाशी बसलेल्या वर्ना स्कॅग्ज वाचता वाचता थांबल्या.

"चालू ठेवा, बाई," अध्यक्ष ऑस्ट्रँडर म्हणाले. "सगळं नोंदवलं जातंय."

त्यांनाही जायचं होतं, पण गुडघे दुखत होते, आणि लगेच उठायचं जिवावर आलं होतं. सकाळपासून साक्षी ऐकून कान किटले होते. विधेयक त्यांचंच. लोकांनी बँकांविरुद्ध केलेल्या तक्रारी सरकारचं ग्राहक कार्यालय आपल्या संकेतस्थळावर जशाच्या तशा ठेवतं, कुणीही वाचाव्यात. ते बंद करायचं. दुपारी समितीत मत.

वर्नाबाई केंटकीहून बसने वॉशिंग्टनला आल्या होत्या. नवरा, डॉइल, वारला. घराचं कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर. बाईंनी मृत्यूचा दाखला पाठवला, पुन्हा पाठवला. बँक त्यांच्याशी बोलायलाच तयार होईना. दारावर जप्तीची नोटीस लागली.

"मग मी तक्रार लिहिली, साहेब. ती चारचौघांना दिसायला लागली, आणि बँकेचा मोठा साहेब स्वतः बोलला माझ्याशी. घर राहिलं."

ऑस्ट्रँडर यांनी ठेवणीतला प्रश्न काढला. "पण तुमचं म्हणणं कुणी तपासलं नव्हतं. न तपासता छापायचं म्हणजे बँकेची बदनामीच की."

"खाली बँकेला उत्तर द्यायची जागा होती. त्यांनी ती कोरी सोडली."

ऑस्ट्रँडर यांनी चष्मा काढून डोळे चोळले. घंटा पुन्हा झाली.

वर्नाबाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. "एक विचारते. मी सांगितलं ते तुम्हाला खरं वाटलं का?"

साक्षीदार असलं काही विचारत नसतात. टंकलेखकाचे हात थांबले. ऑस्ट्रँडर यांनी समोरचा माइक बंद केला.

"वाटलं."

"मग दुपारी मत कुणीकडे?"

"ते ठरलेलं आहे, बाई. तुम्ही यायच्या आधीच ठरलंय."

वर्नाबाई चिडल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीवरचा कोट त्यांनी सावकाश अंगात चढवला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "बँकेत फोन घ्यायची ना, ती पोरगीही स्वभावाने चांगली होती. म्हणायची, काकू, ते गेले हे मला पटतंय हो. फक्त एकदा त्यांना फोनवर द्या."