आईची चावी

“कुठला पिक्चर उतरवलास, तेवढं सांग दादा. ओरडणार न्हाय मी.”

शिवांजली ओरडतच होती. श्रीनाथनं, तिच्या चुलतभावानं, शेंगांची टोपली बाजूला सारली आणि तिनं पुढं केलेला मोबाईल बघितला. सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीची मेल होती. तुमच्या सर्व्हरवरून कॉपीराइट असलेली फाईल वाटली जात आहे. मालकाची तक्रार आली आहे. आज संध्याकाळपर्यंत फाईल काढा आणि खुलासा पाठवा, नाहीतर खातं कायमचं बंद.

आणि उद्या धाराशिवला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन! अख्ख्या कळंब तालुक्यातून शिवांजलीचा प्रयोग निवडला होता. स्वतः उभा केलेला व्हीपीएन. स्टँडवरच्या फुकट वायफायवरून काहीही पाठवा, तिच्या सर्व्हरपर्यंत ते बंद नळीतून गेल्यासारखं जायचं. मधल्या कुणाला दिसायचं नाही. दिवाळीपासून ती याच्याच मागं होती. सर्व्हर गेला तर उद्या टेबलावर नुसता पुठ्ठ्याचा तक्ता उरणार होता.

“पिक्चर न्हाय ते,” श्रीनाथ हळूच म्हणाला.

“व्हय का? मग काय, नोट्स वाटल्या?”

व्हीपीएनच्या चाव्या तिघांकडंच होत्या. एक तिची, एक श्रीनाथची आणि एक मोठ्या रुबाबात आईच्या मोबाईलवर बसवून दिलेली. कुठल्या चावीतून किती डेटा गेला, ते सर्व्हर सांगायचा. तिनं उघडून बघितलं. श्रीनाथची चावी जवळजवळ कोरी होती. सगळा ढीग आईच्या चावीवर.

“आईचा मोबाईल वापरलास? स्वतःचा अडकू नये म्हणून? लई शहाणा हाईस!”

“शिवे, हळू. काकू आत हायेत.”

आतला भाकरी थापल्याचा आवाज थांबला. पिठाचे हात तसेच धरून आई, तारामती, दारात येऊन उभी राहिली.

“त्याला बोलू नको. म्याच सांगितलं त्याला.”

“तू? आई, टॉरेंट म्हणजे काय, माहीत तरी हाय का तुला?”

“न्हाय बाई. श्रीनाथ म्हणला, आपल्याला घावलं की ते आपल्याकडनं दुसऱ्यालाबी जातं. त्यो बंद कराय लागला व्हता. म्या म्हणलं, राहू दे चालू. देवीचं गाणं हाय. कुणाला लागलं तर घेऊ दे की.”

शिवांजलीनं कपाळाला हात लावला. मेलमधलं फाईलचं नाव म्हणजे नुसती अक्षरं नि आकडे होते. त्यावरून काय कळणार? तिनं आईच्या मोबाईलवर फाईल लावली.

संबळ कडाडला. तुणतुणं लागलं. मग एका लहान पोरीचा आवाज वर चढला, कुणालाच न भिणारा. बायकांचा मेळा तिच्या मागं धावत होता, पण पोरगी सापडत नव्हती.

“जळकोटला माझ्या आत्याचा आराध्यांचा मेळा व्हता,” आई म्हणाली. “कॅशेटवाला आला, देवळामागं बसवून गाऊन घेतलं. आत्यानं कागदावर अंगठा दिला. समद्यांना एकेक साडी मिळाली. मला फ्रॉक. ती कॅशेट तुझ्या बाबांच्या टेपमधी गुंतून तुटली. परत कुठं घावलीच न्हाय.”

ती बोलायची थांबली, तरी तिचे ओठ हलत होते. गाण्यातला शब्द मोबाईलमधून यायच्या आधीच तिच्या ओठांवर येत होता. शिवांजलीनं आईला आजवर गाताना कधीच ऐकलं नव्हतं.

“काढून टाक,” आई म्हणाली. “तुझं उद्याचं अडाय नको.” आणि वळून आत गेली.

अंगठा कागदावर होता. हक्क कॅसेटच्या कंपनीचाच होता. शिवांजलीचं बोट बराच वेळ स्क्रीनवर नुसतं तरंगत राहिलं. मग तिनं फाईल पुसली. संबळ मध्येच तुटला. घर एकदम रिकामं वाटलं.

ती खुलासा लिहायला बसली. फाईल आमच्या घरातल्या एका चावीवरून वाटली गेली. चूक आमची. फाईल पुसली आहे, वाटप बंद केलं आहे.

“बास की एवढं,” श्रीनाथ म्हणाला. “पाठव. दिवस मावळाय लागला.”

तेवढ्यात आत परात वाजली. भाकरीवर थाप पडली, आणखी एक पडली. थापेच्या तालावर, गाणं जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं, एक जाडसर, जरा घोगरा आवाज वर चढला. आधी चाचपडत. मग कुणालाच न भिता.

श्रीनाथ शेंग सोलायची विसरला. शिवांजलीनं डोळे पुसले, खुलाशात आणखी एक ओळ घातली आणि मेल पाठवून दिली.

‘मूळ प्रत मात्र आमच्याकडेच आहे. ती सध्या भाकरी थापते आहे.’