मोहरीएवढी गोळी

माझी नात प्रयोगशाळेत मोहरीएवढ्या पोकळ गोळ्या घासून गुळगुळीत करते. त्यांत इंधन भरून ते पेटवायला चहूबाजूंनी लेसर मारतात. गोळीच्या कवचाचा कणभर चुरा जरी इंधनात मिसळला, तरी आग विझते. पाच गोळ्या तशाच विझल्या होत्या. सहावीही विझली, तर तिचं काम बंद होणार होतं.

संध्याकाळी येऊन ती उंबऱ्यातच बसली.

"विझली का गं?"

"नाही आजी, पेटली. सूर्याच्या पोटाहून गरम."

"किती वेळ?"

"पापणी लवते ना, त्याचा अब्जावा भाग."

जन्मभर मी गोष्टी फुगवून सांगत आले. ही गोष्ट मात्र शेजारणीला सांगताना, पटावी म्हणून मी छाटून छाटून आग भट्टीएवढीच गरम ठेवली.

शेजारीण म्हणाली, "मावशी, जरा कमी करून सांगा की."