बिनआवाजाचा कॉम्प्युटर

“परत तेच!” बायकोने हेडफोन काढून टेबलावर आपटले. “ऐका तुम्हीच.”

त्याने हेडफोन कानाला लावले. तिचा आवाज काय झकास लागला होता! गोष्टीतला नावाडी वादळातून घरी निघाला होता, आणि त्याच्या मागोमाग एक बारीक, चिवट घूं घूं. नावाडी घराजवळ आला तशी ती वाढली. किनाऱ्याला बायकोपोरं दिसली तेव्हा तर विचारूच नका.

“तापतोय,” तो म्हणाला. “वाचन लांबलं की कॉम्प्युटर तापतो, आणि तापला की पंखा जोरात फिरतो. साधं आहे.”

“साधं आहे ना? मग घालवा की!”

बायको जन्मभर शाळेत शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती आणि नुसतं बसणं तिला मुळीच मानवत नव्हतं. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका स्टुडिओला तिचा आवाज आवडला होता. काम घरूनच करायचं, फक्त एक स्वच्छ नमुना पाठवायचा. घोडं तिथेच अडलं होतं. पहिला नमुना परत आला, कारण मागे घूं घूं. दुसरा नमुना तिने नवरा बाजारात गेला असताना एकटीने वाचला. त्यात घूं घूंचं नावही नव्हतं. “कालच धूळ झाडली होती मी,” त्याने लगेच श्रेय घेतलं. पण स्टुडिओतल्या बाई म्हणाल्या, वाचन अगदीच कोरडं झालंय.

“समोर कुणी ऐकणारं नसलं की मला वाचताच येत नाही हो,” ती म्हणाली. “तुम्ही बसलात की कसं रंगतं.”

म्हणून तो बसायचा. तिच्या मागच्या खुर्चीत, पोटावर हात ठेवून, डोळे मिटून. त्याला ते काम वाटतच नव्हतं. याच आवाजावर तो एकेकाळी भाळला होता आणि अजून त्यातून सावरला नव्हता. ती वाचायला लागली की त्याला स्वतःचं भान राहत नसे.

तिसरा नमुना आज संध्याकाळपर्यंत जायला हवा होता, नाहीतर ते पुस्तक दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं.

“नवाच कॉम्प्युटर जुळवतो,” तो म्हणाला आणि चपला घालून निघाला. विमा कंपनीत कारकुनी करूनही घरात त्याला सगळे इंजिनिअर म्हणत, कारण त्याने उघडून पाहिली नाही अशी वस्तू त्या घरात शिल्लक नव्हती.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराने आधी काचेचं कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी, पुढे केलं. आत लाल, हिरवे, जांभळे दिवे पळत होते.

“सर्कस आहे का ही?” इंजिनिअर म्हणाला. “मला दिसायला नको आहे, ऐकू यायला नको आहे.”

मग दोन काळी कॅबिनेटं आली. एकाच्या तोंडाला जाळी होती, म्हणजे हवा खेळणार, पण आवाजही बाहेर येणार. दुसरं चारही बाजूंनी बंद, दाराला आतून जाड फोम लावलेलं, म्हणजे आवाज आत राहणार आणि उष्णताही. डॉक्टर पाठ ठोकून बघतात तसं त्याने दोन्ही ठोकून बघितलं. जाळीवालं खणखणलं. बंद कॅबिनेटमधून नुसतं ठप्प आलं. तो जाम खूश झाला.

“हेच. आणि याला एक मोठा पंखा द्या. मोठा पंखा सावकाश फिरतो, त्याला बोंबलायची गरज नसते.”

दुकानदाराने रेडिओ बंद केला, दार लोटलं आणि पंखा चालवून दाखवला. दोघांनी कान लावले. दुकानदाराने एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा गिऱ्हाईकाकडे.

“काका, आज स्वारी भलतीच खुशीत दिसतेय.”

“माझं सोडा हो, आवाज ऐका!”

“ऐकतोय की,” दुकानदार म्हणाला आणि हसत हसत सामान बांधायला लागला.

घरी येऊन त्याने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि सगळं मांडलं. बायको आतल्या खोलीत येरझाऱ्या घालत उतारा घोकत होती.

“आज नाही जमलं ना,” तिने आतूनच सांगितलं, “तर मी त्या बाईंना फोन करून मोकळी होणार. नाही आपल्याच्याने होत म्हणून.”

“काहीतरीच काय! आज जमलंच म्हणून समज.”

तो कामाला लागला आणि जगाला विसरला. प्रत्येक स्क्रूखाली त्याने रबराची चकती घातली, म्हणजे थरथर नको. वायरी मागच्या बाजूने नेऊन बांधल्या. पंखा बोटाने फिरवून पाहिला, लोण्यासारखा फिरला. शेवटी दार लावलं. ते असं अलगद बसलं की त्याला अगदी भरून आलं. मग बाहीने तो बोटांचे ठसे पुसत बसला.

बायको दारात येऊन उभी राहिली आणि तिचा चेहरा पडला.

“अहो, अजून येतोय.”

“काय येतोय?”

“आवाज. तोच. घूं घूं.” तिचे डोळे भरून आले. “जाऊ दे. नाही माझ्या नशिबात ते पुस्तक.”

“अगं शक्यच नाही!” त्याने मागची वायर उचलून दाखवली. “ही बघ, माझ्या हातात आहे. अजून प्लगसुद्धा लावलेला नाही!”

दोघं त्या वायरीकडे बघत राहिले.

“तुम्ही काय करत होतात मघाशी?” तिने सावकाश विचारलं.

“काही नाही, पुसत होतो.”

“मग पुसा बघू. तसंच.”

तो पुन्हा वाकला. कोपऱ्यात एक ठसा राहिलाच होता. बाहीने घासता घासता कॅबिनेट चमकायला लागलं आणि त्याचीही कळी खुलली. बायकोने डोळे मिटले, कान टवकारले आणि एकेक पाऊल टाकत ती पुढे आली. कॅबिनेटपाशी क्षणभर थांबली, मग हात पुढे केला आणि हसू कसंबसं दाबत तो नवऱ्याच्या तोंडावर ठेवला. घूं घूं थांबली.