बाल्कनीवरची हरकत

वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचं कात्रण ढवळीकरांनी वकीलबाईंच्या टेबलावर ठेवलं. “पोंक्ष्यांच्या फ्लॅटच्या विक्रीला कुणाची हरकत असल्यास कळवावं, असं तुम्हीच छापलंय ना? माझी आहे.”

खरेदीखत तयार होतं. टेबलासमोर बसलेले पोंक्षे आता कायमचे मुलीकडे बडोद्याला निघाले होते, घर घेणाऱ्या सावर्डेकरबाई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या.

“तुमचा हक्क कसला? वारसा? गहाण? बक्षीसपत्र?” वकीलबाईंनी विचारलं.

“वहिवाट. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. आमची ही गेल्यापासून रोज संध्याकाळी वर जाऊन त्यांच्या बाल्कनीत चहा पितो. उजवीकडची खुर्ची माझी.”

“साफ खोटं,” पोंक्षे म्हणाले. “नुसता चहा नाही. बिस्किटंही खातो.”

वकीलबाईंनी चष्मा पुसला. हरकत फेटाळायला त्यांना एरवी मिनिटही लागत नसे. “असा हक्क कायद्यात बसत नाही हो,” त्या शक्य तितक्या कोरडेपणाने म्हणाल्या.

“तेही खरंच,” असं म्हणून ढवळीकरांनी कात्रणाची नीट घडी घातली आणि ते उठले.

“थांबा हो आजोबा,” सावर्डेकरबाई म्हणाल्या आणि वकीलबाईंकडे वळल्या. “घर घेताना सगळं आधी विचारून घ्यावं, असं तुम्हीच सांगितलंत. मग हे चहात साखर किती घेतात, तेही विचारा. मागाहून कटकट नको.”



“दोन चमचे मागेल,” पोंक्षे खिडकीबाहेर बघत म्हणाले. “तुम्ही एकच घाला.”