शेगडीजवळची जागा

बुखाऱ्याच्या चायखान्यात शेगडीजवळची मानाची जागा एर्गाशबाबांची. दाढी पिकली तरी हमरोकुल मात्र दाराशी, झोंबऱ्या वाऱ्यात. थोरांना 'उठा' म्हणायची रीत नाही. म्हणून आजच्या काव्यवाचनाला त्यानं मुद्दाम एक जुनी कविता काढली.

"काल गादीवर राजा बसला, आज तिथं धूळ बसली!"

साऱ्यांनी माना डोलावल्या. हमरोकुलनं लगेच अर्थ लावला, "सत्ता आज आहे, उद्या नाही. शहाण्यानं वेळीच उठावं. काय बाबा?"

बाबांचे डोळे पाणावले. "खरंय रे लेकरा. गादीचा काही भरवसा नाही."

हमरोकुलनं आशेनं आपली उशी काखोटीला मारली.



"म्हणून तर एकदा बसलो की मी लघवीलासुद्धा उठत नाही!"