हडळीचं कुंकू

येरमाळ्यात आमच्या घरी रोज संध्याकाळी सात वाजता मालिकेतली हडळ येते. केस मोकळे, डोळे हिरवे. मी निवृत्त माणूस, नियमानं बघतो.

"आली बघा तुमची," आमच्या कस्तुराबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षांत माझ्याकडं असं टक लावून बघितलं न्हाय."

"अगं, ती माणसं खाते."

"खाऊ द्या. ह्या मालिकावाल्यांना बाई एक तर रडणारी दिसती, न्हायतर खाणारी. रडणारीकडं तुमी कधी बघितलंय का?"

मी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

कस्तुराबाई करंडा घेऊन उठल्या आणि टीव्हीच्या काचेवर, बरोबर हडळीच्या कपाळावर त्यांनी कुंकू टेकवलं. "आता ती माझी बहीण झाली. बहिणीच्या नवऱ्यावर नजर टाकायची न्हाय."

हडळ विहिरीकडं चालायला लागली. कुंकू काचेवर जागच्या जागी राहायला पाहिजे होतं. ते कपाळाबरोबर चाललं.

मी काचेवरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही.

हसण्यावारी न्यावं म्हणून मी म्हणालो, "सवाष्ण झाली की तुझी बहीण!"

कुंकू लावल्यावर बायका एकमेकींना नवऱ्याचं नाव घ्यायला सांगतात. कस्तुराबाईंच्या तोंडून तेवढं सवयीनं निघून गेलं, "नाव घ्या की."

विहिरीपाशी हडळ थांबली. तिनं मोकळे केस बांधले, डोक्यावर पदर घेतला आणि खाली बघून लाजली.

कस्तुराबाईंनी माझा हात घट्ट धरला.

हडळीनं नाव घेतलं ते माझं, वडिलांच्या नावासकट.