ध्रुवयान, भाग तिसरा

पहिल्याच ओळीत अक्षदा अडकली. 'झाकोळलेल्या' या शब्दात तिचा पाय रुतला तो निघेना. समोर भास्करराव डोळे मिटून, पोटावर हात ठेवून, ऐकायच्या तयारीत बसले होते.

मुलगी बघायला मुलाकडचे जातात. पण भास्कररावांचे गुडघे प्रवासाला राजी नव्हते, म्हणून मार्तंडरावच आपल्या मुलीला घेऊन देवासहून धारला आले होते. पोहे झाले. स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असलं काही भास्कररावांनी विचारलं नाही. त्यांनी अक्षदाच्या हातात एक नवंकोरं पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, वाच.

'ध्रुवयान' ही दर रविवारी सकाळी टीव्हीवर लागणारी हिंदी मालिका. अंतराळात वाट चुकलेलं एक यान आणि दर आठवड्याला एक नवा ग्रह. त्या मालिकेवर मराठीत कथासंग्रह निघाले होते. भास्कररावांनी टीव्हीला घराचा उंबरठा ओलांडू दिला नव्हता, पण हे संग्रह ते पुण्याहून टपालाने मागवत. पहिले दोन भाग त्यांना तोंडपाठ होते. तिसरा त्याच सकाळी येऊन पडला होता, आणि तो भावी सुनेच्या तोंडून ऐकायचा असं त्यांनी ठरवलं होतं. आधीच्या दोन मुली अशाच परीक्षेत गळाल्या होत्या. एकीने 'माझा'मधला झ हिंदीसारखा उच्चारला, एवढंच निमित्त.

अक्षदाची सगळी शाळा हिंदीत झाली होती. मराठी ती घरात बोलायची. वाचायची ती लग्नपत्रिकेपुरती, तीही बोट ठेवून. पण मार्तंडराव पत्रात लिहून बसले होते की मुलगी मराठी घडाघडा वाचते. आणि मुख्य म्हणजे तिला भास्कररावांचा मुलगा, अनीश, आवडला होता. तो सरदारपूरला बँकेत होता. मघाशी अंगणात दोघं दहा मिनिटं बोलले, तेवढ्यात तो तीन वेळा स्वतःलाच हसला होता. असा माणूस एका झाकोळलेल्या शब्दापायी हातचा घालवायची तिची तयारी नव्हती.

तिने पुस्तक जरा वर धरलं. अक्षरांवरची नजर काढून घेतली आणि टीव्हीवर पाहिलेला एक भाग सरळ सांगायला सुरुवात केली.

यान एका ग्रहावर उतरतं. उतरताक्षणी कप्तानाला उचकी लागते. त्या ग्रहावर उचकी म्हणजे लग्नाची मागणी. पहिल्या उचकीला राणी लाजते. दुसरीला वाजंत्री येतात. तिसरीला कप्तान बोहल्यावर. अक्षदाला आता रंग चढला होता, आणि त्या भरात तिच्या तोंडून 'लेकिन' निघून गेलं.

भास्कररावांचा एक डोळा उघडला.

"लेखकाने 'लेकिन' लिहिलंय?"

"परग्रहावरचा माणूस बोलतोय," अक्षदा म्हणाली.

भास्कररावांनी जरा विचार केला. त्यांना ते पटलं. डोळा मिटला.

खरी पंचाईत पुढेच होती. हा भाग लागला त्या रविवारी देवासला ऐन शेवटाला लाइट गेली होती. कप्तान सुटला की नाही, हे अक्षदाला आजवर ठाऊक नव्हतं. त्याला तसाच बोहल्यावर उभा ठेवून तिने पुस्तक जरा जवळ धरलं. मग शेवट तिने स्वतःच रचला. कप्तान राणीला सांगतो की आमच्या पृथ्वीवर लांबून कुणी आठवण काढली की उचकी लागते, माझी आई माझी आठवण काढते आहे. राणी वाजंत्री थांबवते. मग ती स्वतः त्याला यानापर्यंत सोडायला येते, वाटेसाठी शिदोरी बांधून देते. यान दिसेनासं होतं, आणि रित्या मैदानात एकट्या उभ्या राहिलेल्या राणीला उचकी लागते.

भास्कररावांनी उपरण्याने डोळे टिपले. तिसरा भाग पहिल्या दोहोंपेक्षा सरस आहे आणि लेखकाची भाषा एकदाची सोपी झाली, असं त्यांनी मार्तंडरावांना सांगितलं. मग अनीशला पेढे आणायला पिटाळलं. मार्तंडराव तोंड उघडं ठेवून लेकीकडे बघत राहिले.

अनीशची आई, प्रमोदिनीबाई, इतका वेळ अक्षदाच्या पाठीमागे दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, तिच्या हातातलं पुस्तक अलगद काढून घेतलं आणि हिला घर दाखवते म्हणून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. दार लोटलं.

"वीस मिनिटं वाचलंस," त्या म्हणाल्या. "पान एकदाही उलटलं नाहीस."

अक्षदाचे कान तापले. बाबांनी पत्रात लिहिलं ते मायेपोटी, त्यांना बोल लावू नका, असं ती कशीबशी म्हणाली.

"काकू, मला मराठी वाचायला टाइम लागतो. स्कूल पूरी हिंदी मीडियम होती. मी आत्ता बाहेर जाऊन खरं सांगते."

ती दाराकडे वळलीसुद्धा. प्रमोदिनीबाईंनी एका हाताने तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने गव्हाच्या कोठीचं झाकण काढलं, पुस्तक कोपरापर्यंत आत खुपसलं, वरून गहू सारखे केले आणि झाकण लावून टाकलं.

"मी बागलीची. माझीही शाळा हिंदीच," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं श्रावणात यांच्यासमोर पुस्तक धरून कहाण्या वाचते आहे. निम्म्या आईकडून ऐकलेल्या, निम्म्या माझ्या मनाच्या. पण बाई, मी पानं उलटते."